हवालदारांच्या घरात तुम्ही काय सांगितलंत

अण्णा,

आधी जे घडलं ते नुसतं लिहून काढते. कारणं नंतर.

१. रविवारी सकाळी बुवांचं गाणं होतं. मांडव शाळेच्या पटांगणात. लाउडस्पीकर आमच्या दुकानाचे, यंत्रावर मी.
२. मायक्रोफोन दोन. एक बुवांपुढे, एक सारंगीपुढे. दोन्हींची बटणं वेगळी.
३. तोडी गाताना बुवा वरच्या सा कडे दोनदा गेले आणि दोन्ही वेळा अलीकडूनच परतले.
४. तिसऱ्या वेळी मी बुवांचं बटण खाली घेतलं आणि सारंगीचं वर.
५. कर्ण्यातून वरचा सा आला तो सारंगीचा. लोकांनी दाद दिली. बुवांनी गाता गाता मान वर करून कर्ण्याकडे पाहिलं.
६. सोमवारी बुवा स्वतः दुकानात आले आणि विचारलं, आवाज माझा गेला की यंत्राचा.
७. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुम्हाला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. मॅट्रिकनंतर मुंबईला मावशीकडे राहून रेडिओचा डिप्लोमा केला. वर्गात मी एकटीच मुलगी होते, पण त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. आपल्याला कोणाचा हात लागतोय हे रेडिओतल्या व्हॉल्वला कळत नाही. परत आल्यावर राजवाड्याजवळच्या एका दुकानात लागले. रेडिओ दुरुस्त करायचे आणि लग्नाकार्यांना, सभांना लाउडस्पीकर लावून द्यायचे, हे दुकानाचं काम. मालकांना सगळे भियाजी म्हणतात, मीही म्हणते. ते मला बाईजी म्हणतात आणि पगार वेळेवर देतात. आई म्हणते, तुमच्या रस्तेखात्यातल्या कारकुनीपेक्षा हे बरं, निदान मानपुरापर्यंत खड्डे बघत जावं लागत नाही. ती हे हसत म्हणते आणि मग स्वयंपाकघरात जाते.

रविवारी मांडवात तारा जोडत होते तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला ऐकू जाईल आणि मलाही ऐकू येईल अशा आवाजात म्हटलं, "लो, अब मशीन भी बाईजी चलाएँगी. गाना तो बुवा ही गाएँगे न?" मी म्हटलं, "हाँजी, और आप चुप बैठेंगे तो सुनाई भी देगा." शेजारी हसले, ते गृहस्थ हसले नाहीत. हे तुम्हाला आवडलं असतं, म्हणून लिहिलं. बाकी त्याला महत्त्व नाही.

बुवा तुमच्या ओळखीचे. जुन्या इंदुरात आपल्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, अजून तिथेच. दरबार संपला तशी दरबारची गाण्याची नोकरीही संपली. आता मुलींना शिकवतात, पेटीवर, जी त्यांना मनापासून आवडत नाही. तुम्ही मला त्यांच्या गाण्याला एकदाच नेलं होतं, गणपतीत, दुपारच्या वेळी. उकाडा होता, मी कंटाळले होते, आणि तुमच्यासमोर कोणीतरी चहा आणून ठेवला होता. बुवांनी वरचा सा लावला आणि तो तसाच ठेवला. तुम्ही कपाकडे नेलेला हात मध्येच थांबला. सा संपला, दाद देऊन झाली, ते खाली उतरून पुन्हा वर गेले, तरी तुमचा हात तिथेच. घरी येताना मी म्हटलं, अण्णा, तुमचा चहा राहिला. तुम्ही म्हणालात, "असू दे, प्यायलोच की." तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं. मी तुमच्या अशा बारीकसारीक खोट्यांची मनात नोंद ठेवणारी मुलगी होते.

सोमवारी बुवा दुकानाच्या पायरीवर आले आणि त्यांनी चपला बाहेर काढल्या. दुकानात कोणी चपला काढत नाही. भियाजी गल्ल्यावरून उठले, खुर्ची पुसली आणि बुवांनी काही विचारण्याआधीच सांगायला लागले की वॉल्व गरम झाला होता, मशीन का क्या भरोसा, आप तो कल भी शेर थे, आज भी शेर हो. बुवांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले.

"पोरी, माझे कान आता पूर्वीसारखे नाहीत. गाताना आत जे वाटतं तेच बाहेर पडतं, असं आता मला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून मी कर्ण्याकडे कान ठेवून गातो. त्या वेळी कर्ण्यातून मी आलोच नाही. सारंगीवाला म्हणतो, लागला. तो माझ्याबरोबर जन्मभर बसलाय, तो दुसरं काय म्हणणार? तू यंत्रावर होतीस. तू सांग."

मग त्यांनी कारण सांगितलं. ग्वाल्हेरच्या संगीत संमेलनाचं बोलावणं आलं आहे. दरबार गेल्यापासून एवढ्या मोठ्या ठिकाणचं हे पहिलंच. शुक्रवारी सकाळी होकार किंवा नकार कळवायचा आहे. आवाज गेला असेल तर ते जाणार नाहीत. तिथे जाऊन हसं करून घेण्यापेक्षा इथल्या शिकवण्या बऱ्या. "आणि गेला नसेल," ते म्हणाले, "तर मला जायचंय." हे शेवटचं ते इतकं हळू म्हणाले की भियाजींनी "क्या?" म्हणून विचारलं. बुवांनी ते पुन्हा सांगितलं नाही. गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन सांग, एवढं मला म्हणाले, चपला घातल्या आणि गेले.

ते गेल्यावर भियाजींनी मला समजावलं. "देखो बाईजी, वॉल्व पे डाल दो. वॉल्व की कौन-सी शादी होनी है." मी यंत्र उघडून व्हॉल्व तपासला. तो चांगला आहे. तपासायची गरज नव्हती, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

त्या रात्रीपासून मला सारखे सराफ्याच्या तोंडाशी असलेल्या त्या दुकानातले तुम्ही दिसता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचं दुकान. संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झाल्यानंतरचा पहिलाच हिवाळा होता. त्यांच्याकडे रेडिओ होता आणि मुंबईच्या सामन्याचं वर्णन त्यावर इंग्रजीत यायचं. रेडिओचा आवाज क्षीण, गल्लीत गर्दी, आणि गर्दीत इंग्रजी समजणारे थोडे. म्हणून तुम्ही सुट्टी काढून दुकानाच्या फळीवर, रेडिओला कान लावून बसायचात आणि ऐकलेलं मोठ्याने मराठीत सांगायचात, मध्येच हिंदीत. लोक तुम्हाला बाबूजी म्हणत. "बाबूजी, चौका कित्ता दूर गया?" आणि तुम्ही सांगायचात, "अरे, सीधा रस्सी के बाहर, वो छोले वाले के ठेले तक समझ लो." मुंबईच्या मैदानात छोल्यांचा ठेला कुठे असेल, असा प्रश्न तिथे फक्त मला पडायचा. मी रेडिओच्या मागे खोक्यावर बसलेली असायचे. मागच्या जाळीतून काचेच्या व्हॉल्वच्या आतली लाल तार दिसायची. मला क्रिकेट कळत नव्हतं; मी ती तार बघायला यायचे.

त्या दिवशी आपल्या इंदूरचा मुलगा फलंदाजीला होता. त्याचे वडील, दरबारच्या फौजेतले निवृत्त हवालदार, गर्दीत सगळ्यांत पुढे, फेटा बांधून, काठी धरून उभे होते. मुलगा मैदानावर उतरल्यापासून ते बसले नव्हते. दर थोड्या वेळाने विचारायचे, "बाबूजी, आमचं पोरगं उभं आहे ना?" आणि तुम्ही म्हणायचात, "उभं आहे, हवालदार. डावा पाय पुढे काढून उभं आहे."

जेवणाची सुट्टी संपून खेळ नुकताच पुन्हा सुरू झाला होता आणि लाल तार विझली. मी जाळीला डोळा लावून पाहिलं. रेडिओ मुका झाला होता. बाहेरच्या कोणाला कळलं नाही, कारण बाहेर तसाही तुमचाच आवाज जात होता. घड्याळजी मागे आले, व्हॉल्व दाबून पाहू लागले. मी तुमची बाही ओढली आणि "अण्णा, हा बंद" इतकंच म्हटलं. तुम्ही माझ्या डोक्यावर तळहात ठेवलात आणि बोलणं थांबवलं नाहीत.

तुम्ही त्या मुलाला खेळवत राहिलात. त्याला तुम्ही लहानपणापासून मैदानावर पाहिलेलं होतं, म्हणून तो कुठला चेंडू सोडेल, कुठल्याचा त्याला मोह होईल, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही त्याला उगाच षटकार मारू दिले नाहीत. एकदा तर तो पायचीत होता होता वाचला असं सांगितलंत, आणि गर्दीचा श्वास अडकला, माझाही. हवालदारांनी काठीवरचा हात बदलला. तुमचा घसा बसत आला होता. मी जाळीतून बघत होते आणि तुमचं खोटं मोजत होते आणि त्याच वेळी तो मुलगा बाद होऊ नये असंही मला वाटत होतं. हे दोन्ही एका वेळी कसं होऊ शकतं ते मला तेव्हा समजलं नाही.

मग तार पुन्हा लाल झाली. इंग्रजी आवाज आला आणि मलाही तेवढं कळलं. तो केव्हाच बाद झाला होता. सुट्टीनंतर लगेच, सरळ चेंडूवर, दांडी उडून. तुम्ही ते ऐकलंत. एक श्वास घेतलात. आणि गर्दीला सांगितलंत की त्याने चेंडू उंच मारला आहे, तो अजून वरच आहे, एक जण धावतोय, सीमारेषेवर पोचला, घेतला. झेल. काय झेल घेतला. गेला, पण काय खेळला.

हवालदारांनी फेटा सारखा केला आणि पायरीवर बसले. म्हणाले, "झेलात गेला ना? मग हरकत नाही. दांडी उडाली असती तर जिवाला लागलं असतं."

तुमच्या कपाळावर घाम होता आणि हिवाळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्तमानपत्र घरोघर पोचायच्या आत, तुम्ही मला उठवलंत आणि आपण हवालदारांच्या घरी गेलो. मला का नेलंत ते तुम्ही सांगितलं नाहीत. त्यांचं घर एका खोलीचं, पुढे ओटा. तुम्ही मला ओट्यावर बसवलंत आणि आत गेलात. दार लोटून घेतलंत. मी तुमचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला, पण तुम्ही हळू बोलत होतात. रस्त्यावरून कोळशाची गाडी गेली आणि तेवढंही ऐकू आलं नाही. मग हवालदार हसले, एकदाच, आखूड. मग तुम्ही दोघं बाहेर आलात. त्यांनी तुमचा हात दोन्ही हातांत धरलेला होता आणि ते तो सोडत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही ठरवता आलं नाही. खरं कळलेल्या माणसाचा तो चेहरा असू शकत होता. आणखी एक चांगलं खोटं ऐकलेल्याचाही असू शकत होता.

वाटेत मी विचारलं, तुम्ही त्यांना काय सांगितलंत. तुम्ही म्हणालात, "चल, पोहे खाऊ. गार होतात." आपण पोहे खाल्ले. ते गरम होते. मी पुन्हा विचारलं नाही, कारण एकदा विचारून उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही असा माझा तेव्हा नियम होता. अजूनही आहे. आज तो मोडते आहे.

त्यानंतरच्या भाद्रपदात तुम्ही मला कामावर बरोबर नेलंत, मानपूरला. पावसाने घाटाचा रस्ता कुठे खचला ते पाहायला ओव्हरसियर निघाले होते, ट्रकमध्ये जागा होती. पठार जिथे संपतं तिथे ट्रक थांबला. पुढे काहीच नव्हतं. ढग खालपासून वरपर्यंत दरीत भरून राहिला होता, रस्ता त्यात जात होता आणि संपत होता. खालून कुठूनतरी बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, मोर ओरडत होता. मी तुम्हाला विचारलं, खाली काय आहे. तुम्ही म्हणालात, "दिसेल तेव्हा दिसेल." मी म्हटलं, सांगा ना, तुम्ही तर कितीदा पाहिलंय. तुम्ही मान हलवलीत.

तेव्हा मला राग आला. मी म्हटलं, दिसत नाही ते तर तुम्ही सांगता. क्रिकेट सांगितलंत.

ओव्हरसियर थोडे लांब सरकले. मला वाटलं तुम्ही रागवाल. तुम्ही टोपी काढलीत, झटकलीत, पुन्हा घातलीत. मग म्हणालात, "तिथे लोक ऐकायला उभे होते. तू बघायला आली आहेस. थांब जरा."

आपण थांबलो. ढग एकदम गेला नाही. आधी रस्त्याचं एक वळण दिसलं, मग वळणावर उभी राहिलेली बैलगाडी, मग तिच्या खालचं सागाचं रान, आणि साग फुललेला होता, सगळ्या शेंड्यांवर पांढुरके तुरे. मग आणखी खाली, लांब, एक फिकट रेघ. मी विचारलं, ती नर्मदा आहे का. तुम्ही म्हणालात, "माहीत नाही. नर्मदा त्याच बाजूला आहे, एवढंच नक्की." तुमच्या तोंडून 'माहीत नाही' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आपण दोघं बराच वेळ त्या रेघेकडे पाहत उभे होतो आणि ती काय आहे ते दोघांनाही माहीत नव्हतं. त्या दिवसाइतकी मी तुमच्याबरोबर कधी सुखात नव्हते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगायचं राहून गेलं. दिवाळीनंतर तुम्ही गेलात.

आता बुवांचं. भियाजी म्हणतात तसं व्हॉल्ववर टाकलं तर बुवा ग्वाल्हेरला जातील, आणि तिथे यंत्रावर मी नसेन. आवाज गेला म्हणून सांगितलं तर ते पेटीवर मुलींना शिकवत राहतील, आणि तेही माझ्या एका शब्दावर. दोन दिवस मी असा विचार करते आहे की बुवा यातले कोण आहेत, दुकानापुढे ऐकायला उभे असलेले हवालदार की दरीपुढची मी. त्यांनी चपला काढल्या, त्यावरून काही ठरत नाही. "मला जायचंय" म्हणाले, त्यावरूनही नाही. आत्ता आई विचारून गेली की मी इतका वेळ काय लिहिते आहे. मी म्हटलं, दुकानाचं. तिने लाइट लावला आणि गेली. मला ते सुचलं नव्हतं.

एक गोष्ट वर लिहिताना मी सोडली आहे. भियाजींना आणि आईलाही ती सांगितलेली नाही. बुवांचा आवाज फुटला म्हणून मी बटण खाली घेतलं असं कोणालाही वाटेल. तसं झालं नाही. ते दोनदा अलीकडून परतले होते, आणि तिसऱ्यांदा निघाले तेव्हाच मी घाबरले. ते वर पोचायच्या आधीच माझा हात फिरला होता. तुमचा तळहात माझ्या डोक्यावर आला होता तसा, विचार न करता. पण तुमचा रेडिओ बंद पडला होता, आणि माझं यंत्र चालू होतं. त्या वेळी बुवांचा सा लागला की नाही, हे मला माहीत नाही. सारंगीवाला सोडला तर मांडवात माझ्यामुळे ते कोणालाच कळू शकलं नाही. कदाचित लागला असेल. त्या गणपतीतल्यासारखा लागला असेल आणि मी तो बंद करून ठेवला असेल.

म्हणजे त्यांना द्यायला माझ्याकडे खरं उत्तर नाही आणि भियाजींचं खोटंही मला देता येत नाही. गुरुवारी मी जाणार आहे ते यंत्र न घेता. आधी मी काय केलं ते सांगेन, आणि का केलं तेही. मग त्यांना म्हणेन, आता माझ्यासमोर गा. मी समोर बसेन आणि तिसऱ्या वेळेपर्यंत थांबेन, पुढे जे येईल ते ऐकेन. लागला तर सोपं आहे. नाही लागला तर त्यांच्या खोलीत, त्यांच्या तोंडावर, मला ते सांगावं लागेल, आणि ते कुठल्या शब्दांत सांगतात हे मला येत नाही. डिप्लोमात ते नव्हतं.

म्हणून हे पत्र. ते टपालाच्या पेटीत टाकायचं नाही, पत्ताच नाही. तुम्ही सगळीच उत्तरं टाळलीत असं मी म्हणत नाही. मला एकच हवं आहे. त्या सकाळी दार लोटल्यावर तुम्ही हवालदारांना दांडी उडाल्याचं सांगितलंत का, आणि सांगितलं असेल तर पहिला शब्द काय होता. हवालदारही आता नाहीत, त्यामुळे विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

गुरुवारी दुपारी चारपर्यंत कृपया कळवा. त्यानंतर मी घरून निघेन.